हीटवाले काका

प्रौढांच्या हौशी पोहण्याच्या स्पर्धेत सुवर्णपदक कोणाला मिळालं हे संध्याकाळपर्यंत कोणी विचारत नाही. शर्यती कोणी लावल्या हे मात्र पुढच्या वर्षीपर्यंत विसरत नाहीत. बराकपूरला हा आरोपी म्हणजे आमचे हीटवाले काका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बदलून आले नि निवृत्तीनंतर इथेच राहिले. सगळी नोकरी प्लॅनिंग सेक्शनात गेली.

त्यांचा खरा वैरी 1500 मीटर. क्लबाची टाकी 25 मीटरची, सहा लेनची. म्हणजे माणशी साठ लांब्या. सत्तरीचा गडी पाऊण तास सहज घेतो, त्यात शेजारच्या लेनमधल्याच्या गुडघ्याची चौकशीही करतो. मिहिर सेन यांनी 1958 साली आणि आरती साहांनी 1959 साली इंग्लिश खाडी पार केल्यापासून गंगाकाठच्या प्रत्येक पोट सुटलेल्या माणसाला आपण लांब पल्ल्याचेच आहोत असं वाटतं. चोवीस नावं, चार हीट, तीन तास! पहाटे लावावी तर कल्याणी लोकलची गाऱ्हाणी. शेवटी लावावी तर, ‘दादा, भात खाऊन 1500?’ इथे भातानंतर फक्त झोप येते, आणि तिच्या आड यायची काकांचीही छाती नाही.

वयाचा घोळ वेगळाच. मास्टर्सचे वयोगट 25 पासून पाच-पाच वर्षांचे, वय धरायचं 31 डिसेंबरचं. साठी लागावी म्हणून माणसं नवस बोलतात ती फक्त इथे, कारण 59चा आपल्या गटात आजोबा आणि 60चा आपल्या गटात तरणाबांड. रिलेला तर चौघांच्या वयांची बेरीज बघतात. एका चमूची 238 भरली, वरच्या गटाला 240 हवेत. ‘तुमच्या घरी कोणी मोठं आहे का?’ असं ते काठावर ज्याला-त्याला विचारत होते.

एन्ट्रीच्या कागदावर लोक वेळ लिहितात ती कॉलेजातली. काकांकडे म्हणून एक गुप्त वही आहे: डॉक्टर, अधिक 9 सेकंद, पोस्टमास्तर, अधिक 14, वकील, लिहितील त्याच्या दुप्पट. या वहीवरून लावलेल्या हीट इतक्या अटीतटीच्या होतात की हरलेलाही खूश असतो. माझ्या मते पदकांपेक्षा ही वहीच कपाटात ठेवावी.

वेळ वाचवायचा एक परदेशी उपाय त्यांनी करून पाहिला. मोठ्या स्पर्धांत आधीची हीट पाण्यातच दोरीला धरून थांबते आणि पुढची तिच्या डोक्यावरून सूर मारते. बराकपूरला तिसऱ्या लेनच्या ब्लॉकवर बँकेतले शंभर किलोंचे निवृत्त साहेब उभे राहिले, आणि खाली पाण्यात नेमके त्यांचे व्याही. शिट्टी व्हायच्या आत व्याह्यांनी शिडी गाठली. त्या दिवशीची त्यांची सर्वांत जलद वेळ तीच.

पक्षपाताचा आरोप होतो, आणि तो खोटा नाही. काकांची स्वतःची 50 मीटर ब्रेस्टस्ट्रोक दर वर्षी 200 मीटर बटरफ्लायनंतर येते. बटरफ्लायला नाव एकच असतं, आणि ते गृहस्थ काठाला लागेपर्यंत काकांचं अंग गरम करून, चहा घेऊन, वर पान लावूनही होतं. विचारलं तर म्हणतात, ‘तांत्रिक कारण.’

त्यांना आजवर न जुळलेलं एकच गणित होतं, प्रमुख पाहुण्यांचं. भाषण सुरू झालं की ओल्या अंगाने उभे असलेले सगळे वयोगट सारखेच शिंकतात. या वर्षी छापील पत्रकावर 14वी शर्यत होती ती अशी: ‘प्रमुख पाहुण्यांचे भाषण, एक हीट, गेल्या वर्षीची वेळ 19 मिनिटे 40 सेकंद.’ पाहुण्यांनी ते वाचलं, माइक घेतला आणि 11 मिनिटांत आटोपलं. खाली उतरताना काकांच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, ‘दादा, आमच्या वयोगटात हा विक्रम धरायचा ना?’