गॅसची बत्ती

अहो वहिनी, कढीपत्ता तोडतेय, तुमच्यासाठीही ठेवू का? या जरा कुंपणाशी, कालची गंमत सांगते.

सूनबाई फोनवर मैत्रिणीला म्हणत होती, "आज बँडविड्थच नाहीये गं माझ्याकडे." मी तातडीने केबलवाल्याला बोलावलं. त्याने राउटर उलटासुलटा करून पाहिला नि म्हणाला, "आजी, नेट तर पळतंय!" सून हसून हसून बेजार. बँडविड्थ नाही म्हणजे म्हणे, डोक्यात जागा नाही, आता आणखी काही माझ्या गळ्यात घालू नका! आमचे हे टेलिफोन खात्यात होते, तेव्हा हा शब्द ऑफिसातच राहायचा. आता ओट्यापर्यंत आलाय. मी म्हटलं, सरळ "सवड नाही" म्हण की! पण नाही हो. सवड नाही म्हटलं तर आपण आळशी ठरतो, बँडविड्थ नाही म्हटलं की दोष यंत्राचा. पोरी हुशार आहेत.

पुढे ऐका. त्या मैत्रिणीला म्हणे नवरा गॅसलाइट करतो. मला वाटलं, बिचारा गॅस पेटवून चहा करत असेल, त्यात रडायचं काय? मग सुनेला खोदून खोदून विचारलं. पॅट्रिक हॅमिल्टन म्हणून एक इंग्रज नाटककार, त्याचं १९३८चं नाटक, 'गॅस लाइट'. त्यातला नवरा स्वतःच वस्तू लपवतो आणि बायकोला पटवतो, तूच हरवतेस, तुझंच डोकं फिरलंय. हा वरच्या बंद मजल्यावर चोरून गॅसचे दिवे लावतो, तशी खाली तिच्या खोलीतली बत्ती मंदावते. तिथेच बेट्याचं बिंग फुटतं. १९४४मध्ये इन्ग्रिड बर्गमनचा सिनेमाही आला. आता नाटक कोण बघतंय? क्रियापद मात्र राहिलं. मेरियम-वेबस्टर कोशवाल्यांनी २०२२चा शब्द म्हणून हाच निवडला.

आणि नातू ज्याला 'ब्रेन रॉट' म्हणतो ना, रील बघून मेंदू सडणं, तो शब्द तर अमेरिकन लेखक थोरोच्या १८५४च्या 'वॉल्डन' पुस्तकात आहे म्हणे. तेव्हा कुठले आलेत मोबाइल!

रात्री हे नेहमीसारखे म्हणाले, "दळण आणायचं तू मला सांगितलंच नव्हतंस." सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, वहिनी! मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "हे गॅसलायटिंग आहे, कळलं?"

हे मुकाट्याने उठले, आत गेले आणि रेग्युलेटर बंद करून आले.