असामान्यत्वाचा दाखला

अमेरिकेच्या वकिलातीकडे अर्ज करू इच्छिणाऱ्या इसमाने आपण कोणत्या वर्गात मोडतो हे स्वतःच ठरवावे, अशी तजवीज ज्या कोणी केली, त्याचा मराठी लेखकांशी कधी संबंध आला नसावा. बी, एफ, एच, जे, एल अशी ती मुळाक्षरे वाचताना पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार इत्यादी सामान्य जनांना मी मनोमन आशीर्वाद देत पुढे सरकलो, आणि 'ओ-1'पाशी येऊन थबकलो. कारण 1990 च्या कायद्याने निर्माण झालेला हा वर्ग केवळ असामान्य गुणवत्तेच्या व्यक्तींसाठी राखून ठेवलेला आहे. वास्तविक मला एडिसनला मुलीकडे जायचे होते, आणि तिकडच्या एका मंडळाने 'आलाच आहात तर थोडे काही वाचा' एवढेच सुचविले होते. परंतु मायदेशी पुणे-नाशिकच्या समीक्षकांनी जो दाखला आजवर अडवून धरला, तो परस्पर वॉशिंग्टनहून मिळविण्याची ही नामी संधी होती.

कलावंताकडे पुराव्यादाखल ऑस्कर-ग्रॅमीच्या तोलाचे पारितोषिक किंवा निदान नामांकन मागतात. ते नसेल तर ठरवून दिलेल्या सहा प्रकारांपैकी तीन प्रकारचे पुरावे जोडता येतात, ज्यांत भरघोस मानधनाचाही समावेश आहे. इथे माझी लेखणी अडली, कारण माझे बहुतेक मानधन शालींच्या रूपाने कपाटात पडून आहे. शाल ही मराठी सारस्वताची खरी चलनव्यवस्था होय. ती अंगावर घेण्यासाठी नसतेच. सत्कारमूर्तीच्या खांद्यावर छायाचित्रापुरती विसावून ती घडी मोडण्याच्या आत पुन्हा पिशवीत जाते, आणि पुढे कोणाच्या तरी षष्ठ्यब्दीला दुसऱ्या खांद्यावर चढते. एका ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी मला मिळालेली मोरपंखी शाल, काठाजवळच्या चहाच्या डागासकट, मीच पूर्वी एका कविमित्राला पांघरली होती. तिच्या दर्शनाने आम्ही दोघेही गहिवरलो, आणि सभागृहाने त्याचे श्रेय साहित्यप्रेमाला दिले. आता असल्या शालींचे मूल्य डॉलरमध्ये कोणता मुनीम काढून देणार?

"बाबा," मुलगी फोनवर म्हणाली, "ओ-1 साठी इकडच्या कुणीतरी तुमच्या वतीने अर्ज करावा लागतो. स्वतःच स्वतःला असामान्य म्हणून नाही चालत. तुम्ही आपला बी-2 भरा."

मराठी वाङ्मयात ही अट लागू असती, तर किती प्रस्तावना वाचल्या असत्या! बी-2 वर आलेल्या पाहुण्याने तेथे अर्थार्जन करू नये, असाही निर्बंध आहे. त्याचे पालन मराठी लेखक स्वदेशातच इतक्या निष्ठेने करीत आला आहे, की मला त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागला नाही.

खरी गोम 1952 च्या कायद्यातील कलम 214(ब) मध्ये आहे. अर्जदार कायमचा मुक्काम ठोकण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे त्यानेच पटवून द्यावे, असा त्याचा आशय. मी सातबाराचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचे कागद अशी जय्यत फाइल नेली, पण खिडकीपलीकडच्या तरुणाने "कोणाकडे? किती दिवस?" एवढे विचारून, फाइलकडे ढुंकूनही न पाहता, व्हिसा मंजूर केला. आनंदीबाई जोशांना 1883 साली व्हिसा लागला नव्हता; अमेरिकेस का जाता, हा सवाल त्यांना स्वजनांनीच केला, आणि त्याचे उत्तर त्यांनी सिरामपूरच्या जाहीर सभेत सविस्तर दिले. माझ्या घरपट्टीची तेवढीही पृच्छा होऊ नये, याचा मला विषाद वाटला.

परंतु त्या कलमाचा राग मला आला तो निराळ्याच कारणाने. मला तिथे राहायचे नाही, तरी संशय माझ्यावर. आणि जिला चार दिवस इकडे यायचे असते, तिची मात्र पाऊल बाहेर टाकण्याची छाती होत नाही. एच-1बी वर मुलीच्या मुक्कामाची मुदत शाबूत असते, पण पासपोर्टावरचा व्हिसा संपलेला असतो. देश सोडला की तो नव्याने घेतल्यावाचून परत जाता येत नाही, आणि तोवर नोकरी टिकेल याची हमी कोणी देत नाही. ग्रीन कार्डाची रांग जन्मदेशावर ठरते, एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, त्यामुळे भारतात जन्मल्याचा दंड ती वर्षानुवर्षे भरते आहे. माझी आई गेली तेव्हा नातीने दहाव्याचे विधी मध्यरात्री फोनवर पाहिले. पिंडाला कावळा शिवेना, म्हणून गुरुजींनी "कुणाची इच्छा राहिली असेल तर बोला" असे सांगितले, तेव्हा पडद्यावर तिने काहीतरी म्हटले. पण आवाज बंद ठेवलेला होता.

मंडळाच्या सभागृहात माझे वाचन यथासांग पार पडले. शाल देणे म्हणजे मोबदला देणे होते काय, याची चौकशी मुलीने आधीच चिटणिसांकडे करून ठेवली होती, आणि तरीही परतताना मोटारीत तिने खालच्या आवाजात विचारले, "बाबा, शालीबरोबर पाकीट नव्हतं ना दिलं?"

"अगं," मी म्हणालो, "मराठी मंडळ होतं ते!"