हाफ क्लचवरचं महानगर

टॉमटॉम या डच कंपनीने २०२४ सालच्या जगभरच्या वाहतुकीचा हिशेब मांडला आणि संथपणात बंगळूरने तिसरा नंबर पटकावला. शहरात दहा किलोमीटरला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद. पुणे चौथे, ३३ मिनिटे २२ सेकंद. अवघ्या ४८ सेकंदांनी पुण्याचा नंबर हुकला, तोही इडली खाणाऱ्यांमुळे! पुणेकरांनी खचून जाऊ नये. खोदकामाचा पुढचा हंगाम आहेच.

३४ मिनिटे १० सेकंद म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईने २०२० साली हेच अंतर २६ मिनिटे ११ सेकंदांत पळून कापले. त्याला ना क्लच होता, ना हप्ते. आणि मुख्य म्हणजे पुढे रिक्षा नव्हती.

अशा या बंगळूरमध्ये तुम्ही गाडी घ्यायला जा. शोरूममधला टायवाला पोरगा विचारणार, ‘‘सर, पाच गिअर की सहा?’’ टक्कल पडलेल्या माणसाला हेअर ऑइल विकावे तसा त्याचा आत्मविश्वास. खरे तर गिअरचा कारभार साधा आहे. छोट्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरला चाक एकदा फिरायला इंजिनला चौदाएक फेरे मारावे लागतात. जोर भरपूर, पळ कमी. पाचव्यात तेच काम तीनेक फेऱ्यांत उरकते. इंजिन निवांत, पेट्रोल कमी. मात्र पाचवा टाकायला आधी गाडी पळती हवी, आणि ते खाते पुढच्या गाडीकडे असते.

शहरातल्या बसवनगुडी भागात येऊन बघा. गांधी बाजारच्या फुलांच्या गाड्यांपासून बुल टेंपल रोडकडे निघालात. पहिला टाकला. पुढची इनोव्हा हलली, दोन हात जागा झाली, म्हणून हुरळून दुसरा टाकायला दांडा खाली ओढला. तेवढ्यात डावीकडून एका स्कूटरने पुढचे चाक खुपसले. मागे बसलेल्या अज्जींच्या मांडीवर शेवंतीच्या माळांची पिशवी, चेहऱ्यावर ‘स्वल्प अडजस्ट माडी’चा, म्हणजे ‘जरा सांभाळून घ्या’चा भाव. ब्रेक, क्लच, पुन्हा पहिला. डावा पाय हाफ क्लचवर थरथरतोय आणि क्लच प्लेट जळल्याचा वास जाईच्या वासात मिसळतोय. असे गिअरच्या पेटीतले वरचे तीन गिअर कंपनीतून आले तसे कोरे राहतात. गाडी विकताना जाहिरातीत बिनधास्त लिहावे: तिसरा, चौथा, पाचवा न वापरलेला.

आपण खापर फोडतो सिग्नलवर, खड्ड्यांवर, महापालिकेवर. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ साली छापलेल्या एका प्रयोगात यातले काहीच नव्हते. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या. सगळ्यांनी ताशी तीसच्या वेगाने चालवायचे, एवढीच आज्ञा. थोड्याच वेळात कोंडी तयार! एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने घाबरून जास्त, त्याच्या मागचा थांबलाच. ही कोंडी लाटेसारखी ताशी वीसेक किलोमीटरने मागे सरकत राहिली. म्हणजे जपानची कोंडी जेवढ्या वेगाने मागे जाते, तेवढ्या वेगाने आमच्या गाड्या पुढेही जात नाहीत.

यावरचा उपाय फुकटातला आहे: पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, वेग एकसारखा धरा, लाट तुमच्यापाशी विरते. पण आपल्याकडे अंतर ठेवणे म्हणजे बिनकुंपणाचा प्लॉट ठेवणे. मालक घरी पोहोचायच्या आत त्यावर टपरी उभी राहते. म्हणून प्रत्येक जण बंपरला बंपर लावून आपल्या दोन फुटांचे रक्षण करतो, आणि त्या दोन फुटांपायी सगळ्यांचाच दुसरा गिअर जातो.

गिअर बिनकामाचे आहेत, हे या शहराला फार पूर्वी उमगले होते. रेवा नावाची विजेवर चालणारी इवलीशी गाडी २००१ साली इथूनच बाजारात आली. गिअर बदलण्याची भानगड नाही, क्लच नाही. लोकांनी तिला खेळणे म्हणून हिणवले, ‘‘पळते किती?’’ विचारले आणि शंभरच्या पुढे पळणाऱ्या गाड्या घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले.

तेव्हा कंपन्यांना एक नम्र सूचना. खास ‘बसवनगुडी एडिशन’ काढा. गिअर दोनच: पहिला आणि न्यूट्रल. स्पीडोमीटर वीसपर्यंत, हॉर्न मात्र दोन, एक बिघडला तर खोळंबा नको. वॉरंटी इंजिनवर नको, डाव्या गुडघ्यावर द्या. काचेवर कडलेकाई परिषेची, म्हणजे बसवनगुडीतल्या भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेची तारीख छापा. त्या जत्रेत बुल टेंपल रोड गाड्यांना बंद असतो आणि शेंगा सोलत चालणारी गर्दी कुठेही न अडकता पुढे सरकत असते.

गाडी स्वस्त पडेल, पेट्रोल वाचेल, पण खपणार नाही. शेजाऱ्याने सहा गिअरची घेतली आहे. त्याच्या अर्ध्या फुटामागे आपण दोन गिअरची घेऊन उभे राहायचे, हे काही बरे दिसत नाही.