दोन पंथ, एकच पोट

पुण्यात सकाळी सहाला दोन पंथ घराबाहेर पडतात. पहिला टेकडीपंथ. डोक्यावर माकडटोपी, पायात पांढरे बूट, हातात काठी. ती कुत्र्यांसाठी असते आणि वादासाठीही. हा पंथ हनुमान टेकडी चढतो, महापालिकेला शिव्या घालतो आणि उतरून उपम्यावर शेव मागतो. दुसरा जिमपंथ. हा तळघरातल्या आरशासमोर लोखंड उचलतो आणि दोन सेटच्या मधे मोबाइल उचलतो. मोबाइलचे रेप्स जास्त भरतात.

टेकडीवाल्यांच्या मते वजनं उचलणं हे बाउन्सरांचं काम. जिमवाल्यांच्या मते चालणं पेन्शनरांचं. शिवाय ‘कार्डिओ केला की मसल जातो’ हे त्यांचं बोधवाक्य. जाण्याइतका मसल मुळात आहे का, हे ट्रेनर विचारत नाही. सहा महिन्यांची फी त्याने आगाऊ घेतलेली असते.

या बोधवाक्यामागे संशोधन मात्र खरं आहे. 1980 साली रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने एका गटाकडून दहा आठवडे वजनं आणि दमसासाचा व्यायाम असं दोन्ही करून घेतलं. सुमारे सात आठवडे ताकद नुसत्या वजनवाल्यांइतकीच वाढली, मग अडली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घसरली. पण ती मंडळी आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलत होती आणि सहा दिवस जीव जाईस्तोवर पळत नाहीतर सायकल हाणत होती. मंगळवार-शुक्रवार उगवणाऱ्या आपल्या काकांनी हिक्सनला घाबरणं म्हणजे पतपेढीत दोन हजार ठेवणाऱ्याने ईडीची धास्ती घेणं.

कोल्हापूरच्या तालमींत हा तंटा कधी नव्हताच. जोर, बैठका, मुद्गल, खोऱ्याने हौद्यातली माती उकरणं आणि मग घामाघूम होऊन लढत. डाव टाकायला ताकद लागते, तो टाकेपर्यंत उभं राहायला दम. 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणाऱ्या खाशाबा जाधवांना ‘आज लेग डे की कार्डिओ?’ असं कोणी विचारल्याची नोंद नाही.

जागतिक आरोग्य संघटनाही 2020 पासून तेच सांगते आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण. टेकडीवाले पहिलं वाक्य ऐकून निघून गेले. जिमवाले दुसऱ्या वाक्याला आले, तेही उशिरा. मध्यम दम म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही. चढावर अख्खं नाट्यगीत म्हणता येत असेल तर तुमची गायकी उत्तम आहे, चाल नाही.

‘बायकांनी वजनं उचलली तर पुरुषी दिसतात’ हा सिद्धांत दोन्ही पंथांना मान्य. दहा किलो दळण तिसऱ्या मजल्यावर नेताना ही काळजी कोणालाच पडत नाही. पाळी थांबल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात आणि वजनं उचलल्याने ती झीज रोखायला मदत होते. म्हणजे डंबेलची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिलाच आपण ‘तू फक्त चालत जा’ म्हणतो.

राहिला प्रश्न आधी काय, मग काय. ताकद हवी असेल तर आधी वजनं, नंतर पळणं; मॅरेथॉन गाठायची असेल तर उलट. जड बैठकांच्या दिवशी लांब पळू नये. बाकीच्यांनी क्रमावर भांडू नये, कारण भांडण्यात ना दम वाढतो ना दंड.

तिसरा पंथ सर्वांत मोठा. 2022 च्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचालच करत नाहीत. कार्डिओ बरा की वजनं, यावर ठाम मत मात्र त्यांचंच असतं. त्यांतले काही जण हे सदरही लोळत वाचत असतील. वाचून झालं, उठा आता.