सव्वाशे घोडे आणि एक दांडी

1976 साली आलेल्या पोर्शे 924 चे कितीतरी भाग फोक्सवॅगन-आउडीच्या रोजच्या गाड्यांतून उचललेले. तरीही इंडिकेटरची दांडी वळणानंतर जागेवर यायची थांबली, की मालकाला ती देव्हाऱ्यातली वस्तू वाटू लागते! दांडी बदलण्याचे काम म्हणाल तर एवढेच: बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, हॉर्नचे पॅड काढायचे, मधला नट सैल करायचा, खूण करून स्टिअरिंग ओढायचे, मोजके स्क्रू खोलायचे. खूण करायची राहिली, तर गाडी सरळ धावेल आणि स्टिअरिंग तिरके बघेल.

‘सुरक्षेचं काय?’ हा आक्षेप एअरबॅगवाल्या गाडीत शंभर टक्के मान्य. तिथे हौस बाजूला ठेवून जाणकार कारागीर गाठावा. पण 924 मध्ये एअरबॅगच नाही, मग ही सबब कसली? उलट, ज्या जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट दांडीच्या स्विचमधूनच जातो, तिथे काँटॅक्ट जळतात. रिले न बसवता नुसता नवा स्विच लावणारे भारी गॅरेज पुढच्या बिलाची बेगमी करते. सव्वाशे अश्वशक्ती मिरवणाऱ्या हाताला पाना जड होतो, कारण पान्यासोबतचा फोटो कोणी फ्रेम करत नाही.