दिवे तुझे, अंधार आमचा

नारपोलीत आमच्याच इमारतीत राहणाऱ्या पांढऱ्या गाडीच्या मालकास,

तुझं नाव मी लिहीत नाही. तुझं तुला कळेल. तुझ्यासारखे भिवंडीत आणखी जे आहेत, त्यांनाही आपापलं कळेल.

तो रविवार आठवतो ना? दुपारची वेळ. पार्किंगमध्ये गाडीचा बंपर उतरवलेला, वर्तमानपत्रावर दोन्ही हेडलाईट काढून ठेवलेले, विटेला टेकवलेल्या मोबाईलवर व्हिडिओ चालू. केस वाळवायच्या मशीनने तू काचेच्या कडेचा काळा डिंक मऊ करत होतास आणि स्क्रूड्रायव्हरने काच उचकटत होतास. मी जाता जाता विचारलं, ‘काय रे, बिघडले का?’ तू मान वर न करता म्हणालास, ‘नाही काका, अपग्रेड करतोय.’ ते बिघडलेले नव्हतेच. बिघडले ते त्या दुपारी, तुझ्या हातून.

पुढच्या गुरुवारी रात्री मी स्कूटरवरून अंजूरफाट्याकडून घरी येत होतो. मागे तुझी काकू. पावसाची भुरभुर, लूमची पाळी सुटलेली, रस्त्याच्या कडेने माणसं चाललेली. समोरून तुझी गाडी आली आणि समोरचं सगळं पांढरंफटक झालं. रस्ता गेला, कड गेली, खड्डे गेले. ओल्या डांबरावरून तोच उजेड परत डोळ्यांत येत होता. दोन सेकंदं मला काही म्हणजे काही दिसलं नाही. स्कूटर ताशी तीसने चालली असेल, तरी दोन सेकंदांत सोळा मीटरहून जास्त जाते. सोळा मीटर मी बायकोला मागे बसवून डोळे मिटल्यासारखी गाडी चालवली. दिसायला लागलं तेव्हा चाकापुढे कापडाच्या ताग्यांची हातगाडी होती आणि ती ढकलणारा माणूस उघड्या पाठीने वाकलेला होता. ब्रेक दाबला, स्कूटर आडवी झाली. काकूचा गुडघा सोलून निघाला. हातगाडीवाल्यानेच तिला उठवलं. तू केव्हाच पुढे निघून गेला होतास.

तूच होतास हे मला कसं कळलं? दोन दिवसांनी तू गाडी पार्किंगमध्ये लावलीस. तोच निळसर पांढरा उजेड भिंतीवरून चढत थेट दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत गेला. तिथे वाळत घातलेल्या परकराची नक्षी मला खालून मोजता आली असती. डिप्परवर, म्हणजे खालच्या झोतावर होती तुझी गाडी. डिप्परवर! गाडीचा डिप्पर दुसऱ्या मजल्यावरचे कपडे दाखवायला असतो का रे?

मी पंचवीस वर्षं टेम्पो चालवला. रात्री-बेरात्री तागे घेऊन फिरलो, वाटेत बल्ब बदलले. म्हणून सांगतो, तू काय मोडलंस ते नीट ऐक. तुझ्या गाडीचा मूळ बल्ब एच-फोर. त्यात दोन तारा, अप्परची साठ वॅटची आणि डिप्परची पंचावन्न वॅटची. डिप्परच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते, नखाएवढी. रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडून जो उजेड वर, समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता, तो ही वाटी अडवते. म्हणून डिप्परचा उजेड भिंतीवर पाडला की त्याला वरून स्वच्छ रेघ दिसते. आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो म्हणून ती रेघ डाव्या बाजूला जराशी वर चढते. कडेने चालणारा माणूस दिसावा, एवढ्यासाठी. त्या हातगाडीवाल्याचाही विचार कुणीतरी करून ठेवला होता. तू तो बल्ब काढून तिथे स्वस्तातला एलईडी खोचलास.

रिफ्लेक्टरचा प्रत्येक वाक त्या तारेच्या जागेवरून ठरवलेला असतो. उजेडाचा उगम दोन मिलिमीटर सरकला किंवा त्याचा आकार बदलला की सगळा फोकस विस्कटतो. कंपनीतून एलईडी दिवे लागून येणाऱ्या गाड्यांत दिवा आणि त्याचं घर दोन्ही एकमेकांसाठी बनवलेले असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तू मात्र एकाच्या घरात दुसराच आणून बसवलास. गंमत बघ, तुलाही त्याने दूरचं जास्त दिसत नाही. गाडीच्या नाकासमोर भक्क उजेड पडतो, त्याला डोळा सरावतो आणि लांबचा रस्ता उलट काळा पडतो. एवढा खर्च करून तू स्वतःचीही नजर अधू केलीस.

आणि ती काच? उचकटून परत चिकटवलेली काच पावसाळ्यात टिकत नाही. आत दव धरायला लागलंय, मी पाहिलंय.

‘सगळेच करतात’ असं तू म्हणशील. कायदा काय म्हणतो तेही वाच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की आठ मीटरवरच्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत, असाच हेडलाईटचा झोत खाली वळलेला किंवा वळवता येणारा हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तुला दंडाची भीती घालायला मी हे पत्र लिहिलेलं नाही. दंड भरून काकूचा गुडघा भरून येत नाही.

तुझी अडचण खोटी आहे असंही मी म्हणत नाही. आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे बंद असतात, खड्ड्यांत पाणी साचतं, गोदामांकडे जाणारे कंटेनर अप्पर लावून अंगावर येतात. मग सरळ उपाय कर. काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घे. होल्डरची सैल अर्थिंग आवळ. बल्ब जुना झाला असेल तर त्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा नवा घाल. शंभर वॅटचाही घालू नकोस, गाडीची वायर तेवढ्या भाराची नसते, ती तापते आणि होल्डर वितळतो. समोरून कुणी आलं की डिप्पर दे. आमच्या वेळी ट्रकच्या पाठीवर रात्री डिप्पर द्यायची विनंती रंगवलेली असायची. शाळेचं तोंड न पाहिलेले ड्रायव्हरसुद्धा ती पाळायचे. तू इंजिनिअरिंगला आहेस.

पन्नाशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं. त्यात शिरलेला उजेड पसरतो आणि डोळा सावरायला वेळ लागतो. तुझे वडील माझ्याच वयाचे आहेत, तेही रात्री स्कूटरवरून येतात. एकदा गाडी त्यांना चालवायला दे, तू त्यांची स्कूटर घे आणि तुझ्याच दिव्यांसमोरून एक फेरी मार.

या रविवारी अंधार पडल्यावर मी खडू आणि मीटरटेप घेऊन खाली येतो. मागच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करू. दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली भिंतीवर खडूची रेघ मारू. डिप्परची कड तिथे आली पाहिजे. तुझे जुने बल्ब अजून एलईडीच्या खोक्यात असतील, ते सोबत घेऊन ये.

तुझा,
तळमजल्यावरचा काका