शोधशब्दमीमांसा: हापूस-प्रकरण

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा जुना दंडक आहे. आम्ही तो पाळतो. विषय: गूगलच्या चौकटीत गिऱ्हाईक अंगठ्याने जे दोन-चार शब्द टाइप करते ते. प्रयोजन: देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराचा हापूस दलालाला वळसा घालून थेट लोकांच्या घरी पोचावा. अधिकारी, म्हणजे हे शास्त्र शिकायला पात्र कोण: ज्याच्याकडे जाहिरातीसाठी दिवसाला तीनशे रुपये आहेत आणि तीनशे एकावा नाही. संबंध: सदर बागायतदार आमचे मामा लागतात.

पूर्वपक्ष अर्थातच मामांचा. जाहिरातीसाठी ‘आंबा’ एवढा एकच शब्द टाकावा, कारण आपण आंबाच विकतो. वेबसाइट, जाहिरात आणि शोध यांची सांगड समजावून सांगितल्यावरही त्यांचा मूळ आक्षेप कायम होता: “मेल्या, आंबो शोधूक कित्याक लागता? झाडार आसा मां!” हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या बिनतोड आहे. मात्र तो झाडाखाली उभ्या असलेल्यालाच लागू पडतो.

‘आंबा’ शब्दावर पहिल्याच दिवशी जे लोक आले त्यांतल्या काहींना आंबा घाटात राहायला हॉटेल हवे होते. रोमन लिपीत टाइप करणाऱ्यांचा मार्ग अंबाबाईच्या दर्शनाकडे आणि पुढे अंबाजोगाईकडे गेला. इंग्रजीतला ‘मँगो’ घेतला, तर 1984 साली बार्सिलोनात सुरू झालेली त्याच नावाची कपड्यांची कंपनी आडवी आली. कोणा तरुणीने पार्टीसाठी झगा शोधावा आणि मामांनी तिला पाच डझनाची पेटी दाखवावी, हा प्रसंग उभयपक्षी क्लेशकारक आहे. त्यातून चुकून क्लिक झालेच, तर त्याचे पैसे मामांच्याच खात्यातून जातात. 2000 साली गूगलने शब्दांवर जाहिराती विकायला सुरुवात केली आणि जगाच्या इतिहासात प्रथमच समानार्थी व अनेकार्थी शब्दांची चूक रुपयांत मोजता येऊ लागली. त्याआधी ती फक्त परीक्षेच्या गुणांत मोजत.

कोशकारांना हे संकट ठाऊकच नव्हते. अमरसिंहाने आंब्याला आम्र, चूत, रसाल अशी नावे दिली आणि विशेष सुगंधी आंब्याला ‘सहकार’ म्हटले. हापूसला याहून नेमके नाव सापडणे कठीण. पण महाराष्ट्रात ‘सहकार’ या शब्दावर जाहिरात लावून पाहावी. येणारे गिऱ्हाईक पतसंस्थेच्या ठेवीचे व्याजदर, गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आणि साखर कारखान्याची निवडणूक या तीन विषयांपलीकडे जात नाही. रघुनाथपंतांनी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यामागे छत्रपतींची आज्ञा होती. मामांच्या आज्ञेने मुलुंडच्या गिऱ्हाईकाचा एक अनुस्वारही हलत नाही. जो शब्द त्याच्या तोंडी आहे तोच पदरी पाडून घ्यावा लागतो, आणि मुलुंडचे गिऱ्हाईक गुजराती असेल तर तो ‘हाफूस’ असतो. तेव्हा यादीत हापूस, हापुस, हाफूस, अल्फान्सो, अल्फोन्सो आणि अल्फांझो हे सहाही घ्यावेत. शुद्धलेखनाचा अभिमान असलेल्यांनी या प्रकरणापुरते बाहेर थांबावे.

आता सिद्धांताकडे येऊ. न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत आणि उदाहरण नेहमी गाईचे असते. ‘गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी’ म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे कपिला’ म्हटले तर बाकीच्या रंगांच्या गाई गोठ्याबाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे एका खुराचा प्राणी’ म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. अन्नंभट्टाच्या परंपरेतल्या या तीन दोषांवर गूगलची आख्खी जाहिरातपद्धती उभी आहे, असे आमचे नम्र पण ठाम मत आहे. ‘ब्रॉड मॅच’, म्हणजे शब्दाशी दूरचा संबंध असलेल्या शोधावरही जाहिरात, ही अतिव्याप्ती. ‘एक्झॅक्ट मॅच’, म्हणजे नेमक्या त्याच शोधावर जाहिरात, ही अव्याप्ती. आणि मामांनी स्वतः सुचवलेला ‘कातळावरचा भौगोलिक मानांकनप्राप्त देवगड हापूस’ हा शुद्ध असंभव. मानांकन 2018 साली मिळाले आहे, कातळही खरा आहे. पण रात्री साडेदहाला गादीवर पडून हे सगळे टाइप करणारा मनुष्य अजून जन्माला यायचा आहे.

एक भेद मात्र मान्य केला पाहिजे. नैयायिकांचे लक्षण एकदा ठरले की ठरले. गूगलच्या ‘एक्झॅक्ट’मध्ये 2014 पासून जवळपासची रूपे सक्तीने धरली जाऊ लागली आणि पुढे तर ‘अर्थ तोच’ असला तरी पुरे झाले. म्हणजे ‘नेमका’ या शब्दाला तिथे आता ‘साधारण’ असा अर्थ आहे. असे कोणी नैयायिकांच्या मिथिलेत केले असते तर त्याला सभेतून उठवले असते.

मानांकनाचा उल्लेख आलाच आहे, तर या शास्त्राचे मर्म इथेच सांगतो. विकणारा मालाचा गुण लिहितो आणि घेणारा आपली भीती टाइप करतो. मामांची यादी पाहा: अस्सल, सुगंधी, पातळ सालीचा, केशरी गराचा. गिऱ्हाईकांची यादी, जी जाहिरातीच्या खात्यात ‘सर्च टर्म्स’ या नावाखाली रोज जमा होते, ती अशी: ‘ओरिजिनल हापूस कसा ओळखायचा’, ‘कार्बाइड नसलेला आंबा’, ‘हापूस आतून पांढरा का निघतो’, ‘कच्चा आंबा घरी कसा पिकवायचा’, ‘ऑनलाइन आंबे खराब निघाले तर’. फळे कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे हे लोकांना माहीत आहे, आणि बंदी पाळली जात नाही हेही माहीत आहे. आतून पांढरा निघतो तो साका. कापेपर्यंत तो बाहेरून कळत नाही, म्हणून त्याची धास्ती जास्त. ज्या बागायतदाराने ‘साका निघाला तर फळ बदलून देऊ’ हे एक वाक्य वेबसाइटवर लिहिले, त्याने सहा विशेषणांचे काम केले. मामांनी ते लिहायला आठ दिवस घेतले. ‘साका’ हा शब्द दुकानाच्या दारात उच्चारणे त्यांना अशुभ वाटत होते.

गिऱ्हाईक आणि बघे यांच्यातला भेद एका शब्दावर कसा ठरतो, याचे निरीक्षण विशेष आनंददायक आहे. ‘हापूस भाव आज’ हा शोध घेणारा आंबा खाणारा नव्हे. तो दुसरा बागायतदार असतो, वाशीच्या बाजार समितीत आज पेटी कितीला गेली ते पाहत असतो. मामांनी ‘भाव’ हा शब्द विकत घेऊन तीन दिवस आपल्याच शेजाऱ्यांना आपली जाहिरात दाखवली. त्यांतला एक जण संध्याकाळी पारावर येऊन म्हणालाही, “अप्पा, फोटो बरो इलो हां.” ‘किंमत’ विचारणारा अर्धा तयार असतो. ‘घरपोच’ टाइप करणाऱ्याच्या हातात पाकीट आलेले असते. ‘कलम’, ‘लागवड’, ‘तुडतुडे’ आणि ‘मोहोर गळणे’ हे चारही शब्द दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे सोपवावेत. याच विद्यापीठाने जवळजवळ नावापुरतीच कोय असलेला ‘सिंधू’ आंबा तयार केला. पण त्या नावावर जाहिरात लावणाऱ्याने बॅडमिंटन, हडप्पा आणि पाणीवाटप करार यांची तयारी ठेवावी.

यावरून ओघाने नकारयादी येते. कोणत्या शब्दांवर आपण दिसू नये, याची ही यादी. वेदान्ती ‘हे नव्हे, ते नव्हे’ म्हणत ब्रह्मापर्यंत जातात आणि मामा त्याच वाटेने पिंपरी-चिंचवडच्या गिऱ्हाईकापर्यंत. ‘पेटी’मुळे हार्मोनियम शिकणारे येतात, म्हणून ‘शिकवणी’ आणि ‘सूर’ नकारयादीत. ‘पायरी’ आंब्यामुळे फरशी आणि ग्रॅनाइट येते, म्हणून ‘जिना’ नकारयादीत. नुसत्या ‘देवगड’मुळे नेवासा तालुक्यातल्या देवगडच्या दत्तमंदिराला निघालेले भाविक येतात. म्हणून ‘भक्तनिवास’ नकारयादीत टाकले, आणि ते टाकताना मामांनी हात जोडले. ‘चित्र’, ‘निबंध’ आणि ‘माहिती दहा ओळी’ ही शाळकरी मंडळी परीक्षेच्या सुमारास फार.

इथे मराठी व्याकरण आडवे येते. हव्या असलेल्या शब्दांची रूपे गूगल आपणहून ओळखू पाहते, पण नको असलेल्या शब्दांचे एकवचन-अनेकवचन ज्याचे त्याने स्वतंत्र लिहायचे असते. ‘चित्र’ नाकारले तरी ‘चित्रे’ आत येतात. ‘चित्रे’ नाकारली तर ‘चित्रं’ येतात आणि मागून ‘चित्राची’ येते. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली व्याकरण छापले, तेव्हा त्यांच्या विभक्तिप्रत्ययांवर दर क्लिकमागे कोणाला सात रुपये भरावे लागतील, असे त्यांच्या मनातही आले नसेल. मामांची नकारयादी आजमितीस हवी असलेल्या शब्दांच्या चौपट लांब आहे आणि तिच्यात सातही विभक्त्या नांदतात.

शोधांची संख्या सांगणारे ‘कीवर्ड प्लॅनर’ नावाचे साधनही आहे. जाहिरातीवर बेताने खर्च करणाऱ्याला ते आकडा न सांगता पट्टा सांगते: महिन्याला शंभर ते हजार, किंवा हजार ते दहा हजार. एवढ्या सैल अंदाजावर दाते पंचांगानेही पाऊस छापला नसता. शिवाय रोजच्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध पूर्वी कोणीच केलेले नसतात, असे खुद्द गूगल सांगते. म्हणून आम्ही प्लॅनर मिटला आणि मामींना विचारले. फोनवर येणाऱ्या ऑर्डरी त्या घेतात. लोक पहिले वाक्य काय बोलतात, एवढेच त्यांनी वहीत लिहायचे ठरले. त्या वहीत एक वाक्य वारंवार आले: “आम्ही बाहेर असतो, पुण्याला आई-बाबांकडे पाठवायचेत.” हे बाहेर म्हणजे न्यू जर्सी, दुबई, सिंगापूर. भारतीय आंब्याला अमेरिकेचे दार 2007 पासून उघडे आहे, पण विकिरण-प्रक्रिया करून विमानाने गेलेली पेटी तिथे घेण्यापेक्षा ती सदाशिव पेठेत पोचवणे लेकाला परवडते. जाहिरात फक्त पुण्या-मुंबईत असलेल्यांनाच दाखवा, असा सल्ला एका जाणकाराने फी घेऊन दिला होता. तो मानला असता तर ही सगळी लेकरे सुटली असती. ‘आई-बाबांना आंबे पाठवणे’ या शब्दसमूहावर आमच्याविरुद्ध बोली लावणारे कोणी नव्हते.

एक वाद मात्र शिल्लक होता. ‘स्वस्त’ हा शब्द नकारयादीत असावा की नसावा? आमचे मत असावा. स्वस्त शोधणारा घासाघीस करतो आणि शेवटी घेत नाही. मामांनी यावर कालसापेक्ष निर्णय दिला. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत ‘स्वस्त’ बाहेर. मेच्या मध्यानंतर आंबा एकदम उतरतो, भाव पडतो आणि उरलेले फळ किलोच्या दराने कॅनिंगला द्यावे लागते. त्यापेक्षा घासाघीस करणारा बरा, म्हणून तेव्हा ‘स्वस्त’ आत. त्याप्रमाणे 16 मे रोजी तो शब्द यादीतून काढला. तासाभरात पहिला शोध आला: ‘स्वस्त हापूस पेटी घरपोच फुकट’. मामांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, ‘फुकट’ कोणत्या विभक्तीत चालते ते आम्हाला विचारले आणि नकारयादी पुन्हा उघडली.